साखर लावलेलें फळ आणि साखरेंत मुरलेलें फळ

फळास साखर लागली कीं तें टिकतें, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे. आणि बागेंतील मालाची मिठाई करून विकूं इच्छिणाऱ्या बागाइतदारांनीं उरलेला अर्धा भाग ध्यानांत घेतलाच पाहिजे.

विलायतेंतील साखरलेपाच्या सफरचंदाचें उदाहरण घ्या. १६०५ सालीं पार्लमेंट उडवून देण्याचा कट फसला, त्याच्या स्मरणार्थ तेथें ५ नोव्हेंबरच्या रात्रीं शेकोट्या पेटवितात. सफरचंदाचा हंगाम नुकताच आलेला असतो. तेव्हां त्या रात्रीं हें फळ मुलें हौसेनें खातात. कृति सोपी आहे. फळास काडी टोंचावयाची, पाक सुमारें १५० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढवावयाचा आणि त्यांत फळ बुडवून काढावयाचें. पाकाचा थेंब थंड पाण्यांत टाकल्यावर काचेसारखा मोडला, म्हणजे पाक साधला.

परंतु ही साखर सालीवरच राहते. आंतील फळ ओलें व कच्चेंच असतें. अमेरिकेंत २०१४ सालीं दुधासाखरेच्या मऊ पाकांत बुडविलेल्या सफरचंदांतून लिस्टेरिया नांवाच्या जंतूची सांथ पसरली. ३५ जण आजारी पडले. त्यांतील सात जण मरण पावले व त्यांपैकीं निदान तिघांच्या मृत्यूस हा रोग कारण झाला. पुढें प्रयोगांतीं दिसून आलें कीं, काडीच्या छिद्रांतून रस पाझरून लेपाखालीं सांचतो, आणि अशीं फळें उघड्यावर ठेवल्यास त्या ओलींत तीन दिवसांत जंतु हजारपट वाढतात.

आतां आपला मोरावळा पाहा. आवळ्यासहि आपण टोंचतोंच. पण तें साखर आंत शिरावी म्हणून. आंतील पाणी सुटून पाक पातळ होतो, तो आपण पुन्हां आटवितों, आणि असें कांहीं दिवस चालतें. शेवटीं शेंकडा ६५ ते ७० इतका विरघळलेला घनांश भरला, म्हणजे जंतूंस वाढण्याजोगें पाणीच उरत नाहीं. टोंचणें एकच, पण एका ठिकाणीं त्यानें फळ राखलें जातें, दुसऱ्या ठिकाणीं नासतें.

लेप तासाभरांत होतो आणि साखर थोडी लागते, म्हणून त्याचा मोह पडणें स्वाभाविक आहे. आमचा त्यास विरोध नाहीं. जत्रेंत, आठवडी बाजारांत, धुतलेल्या निरोगी फळांस लेप देऊन तीं त्याच दिवशीं खुशाल विकावीं. मात्र लेपाचें फळ डब्यांत भरून आठवडेच्या आठवडे दुकानीं ठेवूं नये. ठेवावयाचें तें मुरवूनच ठेवावें. त्यास श्रम व साखर अधिक लागली तरी तेंच अखेरीस स्वस्त पडतें. कारण एका गिऱ्हाइकास बाधा झाली, तर एका शेतकऱ्याचाच नव्हे, साऱ्या गांवाच्या मालाचा विश्वास उडतो. आणि तो मिळवावयास कित्येक हंगाम जातात.