बाईच्या नावाआधी नवऱ्याचा दाखला कशाला?

कोल्हापुरातली कुठलीही लग्नपत्रिका घ्या. निमंत्रकांच्या यादीत आजोबा ‘श्री.’ असतात, आजी ‘सौ.’. आजोबा गेले की आजी ‘गं. भा.’ होतात, आजी आधी गेल्या, तर आजोबा ‘श्री.’चे ‘श्री.’च. नवरा आहे की वारला, हे चारचौघांना सांगायचं काम फक्त बाईच्या नावावर टाकलेलं आहे.

हा तर मान आहे, असं म्हटलं जातं. एप्रिल 2023मध्ये महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याचा प्रस्ताव तयार करायला खात्याला सांगितलं, तेही सन्मानाचं कारण देऊन. त्यावर राज्यभरातून विरोध झाला, तो योग्यच होता. शब्द कितीही पवित्र असला तरी ओळख नवऱ्याच्या मरणावरूनच ठरते.

मान कसा द्यायचा, हे त्याआधी वर्षभर शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने दाखवलं होतं. मे 2022मध्ये गावाने ठराव केला: नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडच्या वाटेने जायला सांगितलं. वैधव्याची खूण अंगावर नको, तर ती कागदावर तरी कशाला?

दुसरा आक्षेप असा की, नावाआधीची ही बिरुदं काढली तर भाषा बिघडेल.

भाषा इतकी नाजूक नाही. सावरकरांनी ‘महापौर’ हा शब्द दिला. कोल्हापुरात त्या खुर्चीवर अनेक महिला बसल्या, पण ‘महापौरीण’ कुणी केली नाही. ‘महापौर आल्या’ एवढ्यावर भागलं. सरपंच, आमदार, खासदार यांचंही तेच. 2007मध्ये प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्यातल्या ‘पती’वरून चर्चा झडली, पदनाम तेच राहिलं, कान सरावले. आणि कोल्हापूरच्या बोलीत तर पोरी-बायका सर्रास ‘मी जातो’, ‘आलो की’ म्हणतात. व्याकरणाच्या बाईंना ते खटकेल; गल्लीत कुणाचंच काही अडत नाही.

‘श्रीमती’ हा पर्याय आहेच. सरकारी कागदांत तो कुठल्याही बाईला चालतो, पण घरोघरी त्याचा अर्थ विधवा असाच घेतला जातो, म्हणून सवाष्ण बाई तो लावून घेत नाही. हा समज जाईपर्यंत थांबण्यापेक्षा सगळ्यांचीच नुसती नावं लिहिणं बरं. 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत स्वतःच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. त्या आईच्या नावाला ना ‘सौ.’ लागतं, ना ‘गं. भा.’. सोसायटीच्या सभेची नोटीस, शाळेची कार्यक्रमपत्रिका, हळदी-कुंकवाचं निमंत्रण हेही आता तसंच लिहायला घ्यावं.