घाशीराम कोतवाल: दगडांनी सूड घेतला, न्याय राहिला

१/५
इ.स. १७९१, पुणे. कोतवाल घाशीराम सावळदास याच्या अमलात तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट खोलीत डांबण्यात आले. २१ जण गुदमरून मृत्यू पावले.

२/५
शहर खवळले. पेशवे दरबाराने अखेर घाशीरामाला जमावाच्या हवाली केले. ३१ ऑगस्ट रोजी त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले.

३/५
अनेकांना यात लोकन्याय दिसतो. वस्तुतः हा व्यवस्थेचा पराभव होता. बंदोबस्त, तपास आणि दंडवसुली एकाच हाती होती. त्याला जाब विचारणार तो नेमणूक करणारा दरबारच. म्हणून २१ प्रेते बाहेर येईपर्यंत रयतेचा आवाज पोहोचला नाही, आणि पोहोचला तेव्हा चौकशीऐवजी दगड उचलले गेले.

४/५
२२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. राज्य प्राधिकरणात निवृत्त न्यायाधीशांसह नागरी समाजालाही स्थान मिळाले.

५/५
अशी देखरेख पोलिसांच्या विरोधात नसते. ती नागरिकाला कोठडीत आणि वर्दीतल्या माणसाला जमावापासून वाचवते. मात्र प्राधिकरण नागरिकांना ठाऊकच नसेल, तर ते असून नसल्यासारखेच.