संरक्षण दोन गुंठ्यांना, सुरुंग बाकी सड्याला

कोकणातली कातळशिल्पं परग्रहावरच्या लोकांनी कोरली, हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. पुरावा काय, तर देवाचे गोठण्याच्या सड्यावर होकायंत्र दिशा चुकतं. चुकतं, खरं आहे. पण अहो, जांभ्यात लोह भरपूर असतं. तिथे सुई हलली तर त्यासाठी यान कशाला उतरवायचं?

परग्रहवाले राहू द्या. आपल्या सड्यांवर सुरुंग कोण लावतंय ते बघू.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यातली, शिवाय सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ. सत्कार झाले, बॅनर लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनानं देऊडची शिल्पं संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केली. गेंडा, हरीण, माकड, पावलांचे ठसे. चांगलंच झालं. पण क्षेत्र किती? २१० चौरस मीटर. म्हणजे जेमतेम दोन गुंठे!

आता मुद्दा नीट समजून घ्या. ही चित्रं उघड्या कातळावर कोरलेली. त्यात रंग नाही, कोळसा नाही, हाड नाही. त्यामुळे कार्बन पद्धतीनं चित्राचं वय थेट काढताच येत नाही. दहा हजार वर्षं, वीस हजार वर्षं असे आकडे आपण ठोकून देतो, ते सगळे अंदाज. खरं वय कळायचं तर आजूबाजूच्या मातीतली दगडी हत्यारं, जवळपासच्या गुहा, जुनी पाणवठ्याची जागा यांतूनच कळणार. कशेळीचा हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. गेंडा आज कोकणात औषधाला नाही, मग कोरणाऱ्यानं तो कुठे पाहिला? या चित्रांत शेती दिसत नाही, मग ही माणसं खात काय होती? उत्तरं चित्राच्या चौकटीबाहेर आहेत. आणि नेमकं तिथेच चिरेखाण, हापूसच्या खड्ड्यांसाठी सुरुंग आणि रस्ता.

कुणी म्हणेल, सडा काय, पडीकच तर आहे. सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ लिहिलं की विषय संपला! पावसाळ्यात याच पोटखराबात फुलांचे गालिचे येतात, खळग्यांतल्या पाण्यात बेडूक वाढतात, गुरं चरतात. सरकारी कागदाला ते दिसत नाही.

जमीनमालकाला शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. बहुतेक शिल्पं खाजगी जागेत आहेत. चिऱ्यावर त्याचं घर चालतं. त्याच्या जमिनीत वारसा सापडला की त्याला मिळते नोटीस, आणि फोटो छापून येतो पुढाऱ्याचा. उक्षीच्या ग्रामस्थांनी हत्तीभोवती भिंत बांधून तो जपला, म्हणजे गावाला अक्कल आहे. पैसा मात्र गावानं एकट्यानं का सोसायचा?

म्हणून मागणी साधी आहे. खाणीचा परवाना द्यायच्या आधी अख्ख्या सड्याची पाहणी करा, नुसत्या माहीत असलेल्या चित्राची नको. नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घाला. जागा राखणाऱ्याला दरवर्षी भाडं द्या. येत्या ग्रामसभेत हे तीन ठराव मांडा, आणि ‘वरून आदेश नाही’ असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. मला पाठवा, छापतो.