औलीचा बर्फ आणि जोशीमठाच्या भेगा

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच मध्यमवर्गीय मराठी घरांत नाताळच्या सुटीचे बेत शिजू लागतात. माथेरान-महाबळेश्वर करून झालेले असते, कोकण दरवर्षीचेच असते. मुलांना आता ‘खरा बर्फ’ पाहायचा असतो. काश्मिरातील गुलमर्ग, हिमाचलातील सोलंग आणि उत्तराखंडातील औली ही नावे त्यामुळे घरोघरी परिचित झाली आहेत. त्यांतही औलीचे आकर्षण आगळे. समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवीचे शिखर, पायथ्याशी आद्य शंकराचार्यांनी स्थापिलेला ज्योतिर्मठ आणि मध्ये देवदारांच्या कुशीतून उतरणारे हिमाचे उतार. एकाच प्रवासात मुलांचे स्कीइंग आणि आजी-आजोबांचे देवदर्शन, असा दुहेरी योग अन्यत्र सहसा जुळत नाही. असा बेत आखण्यात गैर काहीच नाही. मात्र हॉटेलच्या खोलीत हीटर आहे का, जेवण शाकाहारी मिळेल का, हे प्रश्न आवर्जून विचारणारे कुटुंब एक प्रश्न मात्र विचारीत नाही: ज्या डोंगराच्या अंगाखांद्यावर आपण खेळायला निघालो आहोत, त्या डोंगराची प्रकृती कशी आहे?

औली हे स्वतंत्र गाव नव्हे. ते खाली वसलेल्या जोशीमठाचे जणू अंगण आहे. पर्यटक वर बर्फात खेळतो. पण त्याचे हॉटेल, त्याची गाडी, त्याचे पाणी आणि सांडपाणी या साऱ्यांचा मोठा भार खालचे नगर वाहते. आणि हे नगर उभे आहे ते अखंड खडकावर नव्हे, तर प्राचीन काळी कोसळलेल्या दरडींच्या माती-दगडांच्या राशीवर. हे आज कळले असेही नाही. १९७६ मध्ये तत्कालीन उत्तर प्रदेश शासनाने गढवालचे आयुक्त महेशचंद्र मिश्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. जड बांधकामांवर निर्बंध घाला, उतारावरील मोठे दगड हलवू नका, सुरुंग लावू नका, सांडपाण्याचा पक्का निचरा करा आणि झाडे लावा, असा स्पष्ट सल्ला त्या समितीने दिला होता. पुढील साडेचार दशकांत नेमके याच्या उलट घडत गेले. शासन कोणत्याही पक्षाचे असो, समितीचा अहवाल कपाटात राहिला आणि मजल्यावर मजले चढत गेले.

निसर्गाने अधूनमधून इशारेही दिले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेच्या खोऱ्यात खडक आणि हिमाचा प्रचंड कडा कोसळला. त्यातून उसळलेल्या लोंढ्याने दोनशेहून अधिक जणांचा बळी घेतला. ज्या रेणी गावात गौरादेवींच्या नेतृत्वाखाली १९७४ मध्ये महिलांनी झाडांना मिठ्या मारून जंगल वाचविले, त्याच गावाच्या पायथ्याशी हे घडले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत जोशीमठाच्या भिंती तडकल्या. जानेवारी २०२३ मध्ये आठशेहून अधिक इमारतींना भेगा गेल्याची नोंद झाली, शेकडो कुटुंबांना ऐन थंडीत घर सोडावे लागले. उपग्रहांच्या निरीक्षणानुसार २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या अवघ्या बारा दिवसांत जमीन सुमारे ५.४ सेंटीमीटर खचली होती. नगरवासीयांनी जवळच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याकडे बोट दाखविले. प्रकल्पाच्या चालकांनी त्याचा इन्कार केला. पण एकमेकांवर कललेली आणि अखेर पाडावी लागलेली दोन बहुमजली हॉटेले कोणासाठी उभारली होती, याविषयी वाद होण्याचे कारण नाही. ती आपल्यासारख्यांसाठीच उभारली होती.

महाराष्ट्राने हे दुःख दुरून पाहिलेले नाही. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) या गावांवर कोसळलेले डोंगर आपल्याच सह्याद्रीचे होते. उतारावर मुरणारे पाणी काय करू शकते, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये.

आता बर्फाचे पाहू. हिमालयाच्या या भागात हिवाळ्यातील हिम पडते ते पश्चिमेकडून येणाऱ्या वातप्रक्षोभांमुळे. ते शाळांच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाहीत. स्कीइंगला जोगता हिमाचा थर बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत साचतो. पर्यटकांची झुंबड मात्र उडते नाताळात. मग कोरड्या उतारावर उभे राहून ‘फसवणूक झाली’ असा त्रागा होतो. २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी औलीत कृत्रिम हिम पाडण्याची यंत्रे आणली गेली. पण त्या यंत्रांनाही पाणी लागते आणि शून्याखालचे तापमान लागते. २०२५ च्या फेब्रुवारीत तर गुलमर्गसारख्या ठिकाणीही हिमाअभावी ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. बर्फ हा पैसे मोजून हक्काने मागण्याचा माल नव्हे, हे ज्याने मनाशी पक्के केले, त्याचीच सहल सुखाची होते.

या संदर्भात आपल्या पूर्वजांची एक व्यवस्था विचारात घेण्याजोगी आहे. कार्तिक-मार्गशीर्षात बद्रीनाथाचे कपाट बंद होते. शंकराचार्यांची गादी जोशीमठाच्या नृसिंह मंदिरात येते, उद्धव आणि कुबेर पांडुकेश्वरी विसावतात. केदारनाथांची पूजा उखीमठात होते, गंगोत्रीची गंगामाई मुखव्यास आणि यमुनोत्रीची यमुनामाई खरसालीस जाते. भक्ती खंडित होत नाही. पण माणसांची वर्दळ उंच शिखरांवरून खाली उतरते आणि डोंगराला सहा महिन्यांची विश्रांती मिळते. कडाक्याच्या थंडीतून जन्मलेल्या या रूढीत मर्यादेचे भान सामावलेले आहे. जेथे देवही हिवाळ्यात खाली उतरतो, तेथे माणसाने ध्वनिक्षेपक घेऊन वर चढावे काय? २०१९ च्या जूनमध्ये एका धनाढ्य अनिवासी भारतीय कुटुंबाने औलीच्या कुरणांवर कोट्यवधी रुपये उधळून विवाहसोहळे केले. मागे राहिलेला कचरा शेकडो क्विंटलांत मोजावा लागला आणि पर्यावरणाच्या संभाव्य हानीपोटी उच्च न्यायालयास तीन कोटी रुपये जमा करण्याचा आदेश द्यावा लागला. हिमालयाला देवतात्मा मानणाऱ्या समाजाला हे शोभणारे नाही.

मग औलीला जाऊच नये काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. भेगाळलेल्या घरांतून बाहेर पडलेल्या माणसांना सहानुभूतीइतकीच रोजगाराची गरज आहे. पर्यटक आटला तर गढवाली तरुण डेहराडून-दिल्लीची वाट धरतो. गावेच्या गावे ओस पडतात, आणि नीती-माणा खोऱ्यांतील गावे ओस पडणे म्हणजे सीमेवरचे डोळे मिटणे. २०२४ मध्ये जोशीमठ तालुक्याला ‘ज्योतिर्मठ’ हे त्याचे मूळ नाव अधिकृतपणे परत मिळाले. पण नावामागचे गाव नांदते राहिले तरच त्या नावाला अर्थ. म्हणून जावे अवश्य. परंतु ग्राहक म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून जावे.

पाहुण्याचा बेत वेगळा असतो. तो नाताळचा हट्ट सोडतो आणि शक्य असल्यास जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत जातो. ऋषिकेशपासूनचा सुमारे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता तो एका दमात, रात्रीच्या अंधारात तुडवीत नाही. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग पाहत, वाटेत मुक्काम करीत जातो. त्यामुळे आजी-आजोबांनाही उंचीची सवय होते. जोशीमठ-औली रज्जुमार्ग जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचू लागल्यावर बंद करण्यात आला, याची जाणीव ठेवून निघण्यापूर्वी वाहतुकीची ताजी चौकशी तो स्वतः करतो. बहुमजली हॉटेलऐवजी तो गावकऱ्याच्या घरी उतरतो, मंडुव्याची भाकरी आणि गहतची डाळ आवडीने खातो. दोन तासांची छायाचित्रे काढून परतण्यापेक्षा आठवडाभर राहून मुलांना स्थानिक प्रशिक्षकाच्या हाताखाली रीतसर स्कीइंग शिकवितो. बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, मुक्काम करण्यास उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मनाई केली आहे. तो ती पाळतो. आपला कचरा आपल्याच पिशवीतून खाली आणतो.

व्यक्तीने संयम पाळावा आणि शासनाने मोकाट परवानग्या द्याव्यात, हेही चालणार नाही. औली-जोशीमठाची धारणक्षमता किती, हे ठरवून तेवढ्याच गाड्यांना आणि खाटांना अनुमती देणे, सांडपाण्याची व्यवस्था आधी आणि नवी बांधकामे नंतर हा क्रम लावणे आणि अर्धशतकापूर्वीच्या त्या अहवालाची धूळ झटकणे, ही कामे शासनाचीच आहेत. पर्यटन संस्थांनीही दर माणशी किंमत छापताना त्या डोंगराची किंमत कोण मोजतो, याचा विचार करावा.

आपल्या घरी आलेला पाहुणा भिंतीला धक्का देत फिरू लागला तर आपण त्याला पुन्हा बोलावीत नाही. जोशीमठाच्या भिंतींना आधीच भेगा आहेत. या हिवाळ्यात तेथे जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने एवढे पाहावे, की आपल्या पावलांनी त्यांतील एकही भेग रुंदावणार नाही आणि निघताना यजमानाच्या तोंडून ‘पुन्हा या’ हे शब्द मनापासून येतील.