लपवलेला ओरखडा



रक्तदाब मोजण्यासाठी दंडावर पट्टा बांधताना डॉक्टरला रुग्णाचा हात निरखण्याची आयतीच संधी मिळते. कातडीचा रुक्षपणा, नखांचा रंग, बोटांचा कंप यांतून हात पुष्कळ काही सांगून जातो. गेल्या वर्षी श्रावणात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी नेहमीच्या तपासणीसाठी आल्या, तेव्हा तोंडाने त्या जे सांगणार नव्हत्या ते त्यांच्या हाताने सांगितले. मनगटावर तीन समांतर ओरखडे होते आणि अंगठ्याच्या मुळाशी हळद भरलेली एक लहानशी जखम.

“हे काय झालं, आजी?”

“काही नाही हो, तुळशीची कुंडी सरकवताना काठ लागला.”

कुंडीच्या काठाला नखे नसतात, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. मी गप्प राहिले. सूनबाई औषधे आणायला बाहेर गेल्या, तशा आजी पुढे झुकल्या आणि हलक्या आवाजात बोलू लागल्या. तीन दिवसांपूर्वी रात्रभर पाऊस कोसळला होता. इमारतीमागच्या गटारात कुत्र्याचे एक पिलू अडकून केकाटत होते. पहाटे आजी एकट्याच खाली उतरल्या आणि हात घालून त्यांनी त्याला वर काढले. भेदरलेल्या पिलाने आधी नखांनी ओरबाडले, मग दात लावला. रक्त आले. आजींनी त्यावर हळद दाबली, पिलाला जिन्याखालच्या खोक्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर ठेवले आणि घरात कोणाला काही कळू दिले नाही.

“का सांगितलं नाहीत?” मी विचारले.

“सांगितलं असतं तर भाकरी घेऊन खाली जाणंच बंद झालं असतं माझं. दिवसभरात माझी वाट पाहणारं तेवढंच काय ते आहे, डॉक्टरबाई.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. आजचा लेख त्या ओरखड्याविषयी आहे, आणि तो लपवावासा का वाटला याविषयीही.

भुकेल्या जिवाच्या मुखी घास घालणे ही आपल्या घरांची जुनी शिकवण आहे. गोग्रास, कावळ्याचा घास, अंगणातल्या पाखरांसाठी ठेवलेले पाणी हे आपल्यापैकी अनेकांनी आजी-आजोबांकडून पाहिले. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव आणि तहानेल्या गाढवाला कावडीतील गंगाजल पाजणारे संत एकनाथ यांच्या कथा ऐकत आपण वाढलो. प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणे हे संविधानाच्या ‘५१ अ’ या अनुच्छेदातील मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. तेव्हा आजींनी त्या पिलाला वर काढले यात काही चुकले, असे मी म्हणणार नाही. चुकले ते त्यानंतरचे तीन दिवस.

भय कशाचे बाळगावे?

रेबीजचा विषाणू बाधित प्राण्याच्या लाळेतून जखमेत उतरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकू लागतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी काही दिवसच पुरतात, तर क्वचित वर्षही उलटते. हात, मान, चेहरा येथील चावा अधिक घातक, कारण तेथे मज्जातंतूंचे जाळे दाट असते. विषाणू मेंदूत पोहोचून लक्षणे दिसू लागली, की मग रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य होते. मात्र त्याआधी योग्य उपचार मिळाले, तर हा आजार जवळजवळ खात्रीने टाळता येतो. एकाच आजाराची ही दोन टोके आहेत, आणि त्यांच्यामधले अंतर केवळ वेळेचे आहे.

प्रशिक्षणार्थी डॉक्टर असताना मी रेबीजचा एक रुग्ण पाहिला. गोठ्यातल्या पिलाने दात लावला होता आणि त्यांनी जखमेवर चुना भरून विषय संपवला होता. दोन महिन्यांनी ते रुग्णालयात आले, तेव्हा पाण्याचा पेला जवळ नेताच त्यांचा घसा आवळून येई आणि पंख्याच्या वाऱ्यानेही अंगाला झटके बसत. खोलीत अंधार व शांतता ठेवणे आणि यातना कमी करणारी औषधे देणे, याखेरीज आमच्या हाती काही नव्हते. ते शेवटपर्यंत शुद्धीवर असताना बोलत होते आणि त्यांना सारे कळत होते. त्यानंतर कोणताही ओरखडा मला ‘साधा’ वाटलेला नाही.

चावा किंवा ओरखडा झाल्यास

पहिला उपचार आपल्या घरातच आहे. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. इतका वेळ उभे राहणे जमत नसेल, तर नळापाशी स्टूल घेऊन बसावे, पण वेळ कमी करू नये. लाळेतील विषाणू धुऊन काढण्याचा हा सर्वांत सोपा आणि फार परिणामकारक मार्ग आहे. त्यानंतर घरात असल्यास पोव्हिडोन-आयोडीन लावावे. हळद, तिखट, चुना, तेल यांतले काहीही जखमेत भरू नये आणि घट्ट पट्टीही बांधू नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर धुतल्यावर स्वच्छ कापडाने हलका दाब धरावा आणि त्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अखंड त्वचेला प्राण्याने केवळ चाटले असेल, तर धुणे पुरेसे असते. रक्त न येता ओरखडा उठला असेल, तर लस घ्यावी लागते. रक्त आले असेल, किंवा आधीच्या जखमेवर प्राण्याने चाटले असेल, तर लसीबरोबर जखमेत ‘इम्युनोग्लोब्युलिन’ही टोचावे लागते. लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते, पण त्यासाठी काही दिवस जातात. तेवढे दिवस ही तयार प्रतिपिंडे जखमेपाशी पहारा देतात. कर्करोगाचे उपचार, दीर्घकाळ चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या अशा कारणांनी ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, त्यांना रक्त न येणाऱ्या ओरखड्यासाठीही इम्युनोग्लोब्युलिन लागते. धनुर्वाताच्या इंजेक्शनची गरज आहे का, हेही त्याच वेळी विचारावे.

अनेक ज्येष्ठांच्या मनात पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून घर करून आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून वापरात नाही. आजची लस दंडात देतात. स्नायूत दिल्यास पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, तर कातडीच्या आत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा उतारवय यांपैकी कशामुळेही ती टाळायची नसते. मधली एकही मात्रा चुकवू नये.

‘कुत्रा दहा दिवस नीट राहतो का ते पाहू आणि मग ठरवू,’ हा सल्ला आपण ऐकला असेल. चावलेल्या कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवणे योग्यच आहे, परंतु ते लस सुरू करून ठेवावे. वाट पाहत थांबू नये. आणि दिवस उलटून गेले असले, तरी ‘आता काय उपयोग’ असे म्हणून घरी बसू नये. उशिरा आलेल्या रुग्णाचेही उपचार त्याच पद्धतीने सुरू करतात.

आजींचे तसेच झाले. तिसऱ्या दिवशी का होईना, जखम नीट धुऊन उपचार सुरू झाले. सूनबाईंना सांगण्याची परवानगी मी आजींकडूनच मागितली. त्यांनी बराच वेळ पदराशी चाळा केला आणि मग मान हलवली. सूनबाई आत आल्या, त्यांनी सर्व ऐकून घेतले. मी रागाची अपेक्षा करत होते. त्यांनी एवढेच विचारले, “आई, पिलू कुठंय?”

पिलू सहाव्या दिवशी दगावले. कशाने, ते समजू शकले नाही. एवढ्या लहान पिलाला मारणारे आजार पुष्कळ असतात. परंतु तोपर्यंत आजींच्या दोन मात्रा झाल्या होत्या आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन गेले होते, म्हणून त्या रात्री त्या घरात केवळ दुःख होते, भीती नव्हती. त्या दिवशी रक्तदाब मोजायचा नसता तर, हा विचार मी फार वेळ करत नाही.

हात देण्यापूर्वी

संकटात सापडलेला प्राणी आपला हेतू ओळखू शकत नाही. वेदनेने तळमळणारे कुत्रे रोज आपल्याच हातची पोळी खाणारे असले, तरी चावू शकते. म्हणून थेट हात घालू नये. जाड टॉवेल किंवा गोणपाट अंगावर टाकून मगच उचलावे, आणि तेही शक्यतो तरुण माणसाने. उतारवयात ओल्या गटारावर वाकणे म्हणजे खुब्याच्या हाडाशी खेळ. आपण छत्री धरावी, आवाज देऊन शेजारच्या मुलांना बोलवावे, पशुवैद्यकाला किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थेला फोन लावावा. तेही वाचवणेच आहे. जवळ पिलांची आई असेल, तर तिच्या नजरेसमोर पिलाला हात लावू नये.

एक इशारा विशेष लक्षात ठेवावा. कुत्र्याचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे किंवा चालताना झोक जातो आहे, असे दिसल्यास ‘घशात हाड अडकले असेल’ असे समजून तोंडात हात घालू नये. रेबीज नेमका असाही दिसतो. गायी-म्हशींच्या बाबतीतही हीच चूक होते. अशा वेळी दूर राहून कळवावे.

आपल्या दुखण्यावरची गोळी प्राण्याला देऊ नये. साधी पॅरासिटामॉलही मांजराला विषासमान आहे. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट कुत्र्याला अपायकारक असतात. घास हातातून भरवण्याऐवजी भांड्यात ठेवून दोन पावले मागे यावे, म्हणजे पायांत घुटमळणाऱ्या कुत्र्यामुळे तोल जाणार नाही. नामदेवांची माया घ्यावी, धावणे मात्र त्यांच्याकडेच राहू द्यावे! पाण्याचे भांडे रोज घासून भरावे, एरवी त्यात डासांची पैदास होते. खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी, असे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही म्हटले आहे. जे नित्यनेमाने प्राण्यांची सेवा करतात, त्यांनी चावा होण्याआधीच लस घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. तीन मात्रांची ही लस पूर्ण झालेली असेल, तर पुढे कधी चावा झाल्यास दोनच मात्रा पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

प्राण्यांवरचे उपकार प्राण्यांपुरते राहत नाहीत. एखाद्या परिसरातील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते. गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम चालली आणि २०१८ पासून सलग काही वर्षे तेथे माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नाही. गल्लीतल्या कुत्र्याला टोचलेली लस ही आपल्या नातवंडांनाही संरक्षण देते.

घरातल्या मंडळींना

शेवटचा शब्द ज्येष्ठांची काळजी वाहणाऱ्यांसाठी. आपला राग मायेपोटी असतो, हे मी जाणते. परंतु ‘उद्यापासून खाली जायचं नाही’ या एका वाक्याने माणूस प्राण्यांकडे जाणे थांबवत नाही, तो सांगणे थांबवतो. या आजारात न सांगण्याची किंमत फार मोठी आहे. म्हणून आजच घरात एक गोष्ट स्पष्ट बोलून टाकावी: ओरखडा दाखवला, तर कोणी रागावणार नाही आणि भाकरीही बंद होणार नाही. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, त्यांना घडलेले सांगता येतेच असे नाही. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेल्यांना ओरखडा जाणवतच नाही. त्यांचे हातपाय अंघोळीच्या वेळी आपणच पाहावेत.

आजींच्या लसीच्या सर्व मात्रा पूर्ण झाल्या. परवा त्या तपासणीला आल्या, तेव्हा मी सवयीने आधी हात पाहिला. ओरखड्यांच्या जागी आता फिकट रेघाही उरलेल्या नाहीत. “कोण जातं हल्ली भाकरी घेऊन?” मी विचारले.

“दोघी जातो,” त्या म्हणाल्या. “मी हाका मारते, ती भांडं ठेवते.”