कोड बरोबर होता, पिन चुकली होती

येडगाव धरणाच्या पाण्यावर आमचा टोमॅटो उभा राहतो. दिवाळीच्या सुट्टीत घरामागच्या तुकड्यात मी मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर लावला. ईएसपी३२ बोर्ड, सेन्सर आणि वायफायवरून पप्पांच्या मोबाइलवर आकडा. कॉलेजच्या लॅबमध्ये यूएसबी केबल लावून सगळं झकास चाललं होतं. शेतात दुसऱ्याच दिवशी पप्पा म्हणाले, ‘‘अगं, माती कोरडी ठाक दिसतीय आन् तुझा मोबाइल ओल आहे म्हणतोय. कुणाचं ऐकू?’’

मी वायर बदलली. सेन्सर बदलला. व्हिडिओ पाहिले. एआयला विचारलं, तर त्याने ‘डिले वाढवून बघा’ असं मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं. दोन दिवस गेले. शेवटी चिपचं डॉक्युमेंटेशन उघडलं, ‘एडीसी’ आणि ‘वायफाय’ हे दोन शब्द एकत्र शोधले आणि उत्तर समोर आलं. ईएसपी३२ मध्ये अॅनालॉग मोजणारे दोन विभाग आहेत. त्यातला दुसरा, म्हणजे एडीसी-२, वायफायलाही लागतो. त्यामुळे वायफाय चालू असताना त्याच्यावरच्या आकड्याचा भरवसा नाही. माझी वायर २५ नंबरच्या पिनला होती, ती एडीसी-२ वर येते. ३४ नंबरला लावली, ती एडीसी-१ वर. प्रश्न मिटला. लॅबमध्ये चाललं कारण तिथे मी वायफाय चालूच केलं नव्हतं.

चूक माझीच होती. पण ती कळायला दोन दिवस का लागले, यावर बोलायला हवं.

सॉफ्टवेअरमध्ये सेमीकोलन विसरला की आयडीई लगेच लाल रेघ मारतो. फंक्शनवर कर्सर नेला की माहितीची चौकट उघडते. हार्डवेअरचं तसं नाही. पिन २५ लिहा नाहीतर ३४, कंपायलर दोन्हीला ‘ओके’ म्हणतो. त्याच्या दृष्टीने तो फक्त एक आकडा असतो. त्या आकड्याचा खरा अर्थ दुसरीकडेच, शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये पडून असतो. म्हणून माझं म्हणणं आहे की डेटाशीटचा शोध कोड लिहितो त्याच खिडकीत हवा. काही टूल्समध्ये याची सुरुवात झालीय. एसटीएम३२ ची चिप निवडली की तिची कागदपत्रं टूलमध्येच समोर येतात. पण आपल्यापैकी किती जण तो टॅब उघडतात?

आता कुणी म्हणेल, एआय आहे की! आहे, आणि मीही वापरते. पण ज्या उत्तरासोबत पान नंबर नाही, ते उत्तर म्हणजे चावडीवरची बातमी. आधी खात्री करायची, मगच वायर जोडायची. कोड चुकला तर ‘अनडू’ करता येतो. जळालेल्या पिनला अनडू नाही.

दुसरी अडचण शब्दांची. ‘सेन्सर चालत नाही’ असं शोधून डेटाशीटमध्ये काहीच सापडत नाही, कारण तिथली भाषा वेगळी. ‘अॅब्सोल्यूट मॅक्सिमम’ म्हणजे रोज वापरायचा आकडा नव्हे, ती ओलांडायची नाही अशी वेस. अर्डुइनो उनोवरच्या चिपला एका पिनसाठी ही वेस ४० मिलिअॅम्पिअर आहे, रोजच्या वापराला २० च्या आत राहावं. डेटाशीट, रेफरन्स मॅन्युअल आणि एराटा हे तीन वेगळे कागद असतात. पहिल्यात मर्यादा, दुसऱ्यात आतलं काम कसं चालतं ते आणि तिसऱ्यात कंपनीने स्वतः कबूल केलेल्या चिपच्या चुका. असे वीस-पंचवीस शब्द आले की अर्धी लढाई जिंकली. त्यासाठी इंग्रजी फाडफाड बोलता यायला हवं असं अजिबात नाही.

हे शब्द आम्हाला कॉलेजात शिकवावेत. आज प्रॅक्टिकल म्हणजे सीनियरची फाइल उतरवणं आणि सर्किट चाललं की सही घेणं. त्याऐवजी व्हायव्हात अनोळखी चिपची डेटाशीट समोर ठेवा आणि विचारा, ‘‘हा पिन किती व्होल्ट सोसतो? दहा मिनिटांत पानासकट दाखवा.’’ आणि पीडीएफ लॅपटॉपवर उतरवून ठेवायची सवय लावा. शेतात रेंज असेलच असं नाही.

आमच्या गावापासून जवळच, खोडद आणि आसपासच्या परिसरात, जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. दूरच्या आकाशातून आलेला अगदी क्षीण सिग्नल त्या पकडतात. कुठली तार कुठे जाते हे तिथे कागदावर नसेल, तर केवढा गोंधळ होईल! माझ्या टोमॅटोच्या सरीला तोच नियम लागू आहे, फक्त आकार लहान.

पप्पा आता मोबाइल बघून मोटर चालू करतात. पण आधी एकदा बोटाने माती उकरून बघतात. मी त्यांना अडवत नाही. खात्री करून घेणं मीच उशिरा शिकले.