धुराड्याचं ऑडिट

स्वयंपाकघरातल्या चिमणीवर 'ऑटो-क्लीन' हे दोन शब्द ज्याने पहिल्यांदा छापले, त्या गृहस्थाला एकदा माझ्या काउंटरसमोर उभं करा, एवढीच माझी मागणी आहे. वीस-बावीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या पडताळतोय. आपोआप फिटलेलं कर्ज मी अजून पाहिलेलं नाही. आपोआप साफ झालेली चिमणीही पाहिलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, बटण दाबलं की तेल वाटीत गळतं, आम्ही डोळ्यांनी बघतो! गळतं ना. आतली तार तापते, पंख्याच्या घरात चिकटलेलं तेल पातळ होतं आणि खालच्या वाटीत ठिबकतं. पण ती वाटी कोण रिकामी करणार? जाळ्या कोण घासणार? आमच्याकडे सौ. दर पंधरा दिवसांनी त्या गरम पाण्यात आणि धुण्याच्या सोड्यात बुडवते. (कॉस्टिक सोडा वापरू नका. हात भाजतात, आणि जाळी अ‍ॅल्युमिनियमची असली तर तीही खाल्ली जाते.) तेव्हा या यंत्रातलं 'ऑटो' म्हणजे आमची सौ. तिचं नाव डब्यावर कुठेही छापलेलं नाही.

पण माझं खरं भांडण आहे ते नळीशी. चिमणीच्या डोक्यातून निघून भिंतीपार जाणारी ती चंदेरी नळी बघितली आहेत? बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी, घड्याघड्यांची. पाहुण्यांना दिसू नये म्हणून फर्निचरवाल्याने तिच्यापुढे सनमायका मारलेला असतो. तिच्या प्रत्येक घडीत वर्षभराच्या फोडण्यांचं तेल बसतं. कोपरा आला की आणखी बसतं. ते बटण, ती तार, ती वाटी, यातलं काहीही तिथपर्यंत पोचत नाही. आणि एखाद्या दिवशी कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर वरचा पंखा आपलं काम इमानेइतबारे करतो. जाळसुद्धा वरच ओढतो! थेट त्या तेलकट नळीत.

म्हणून काय, वार्षिक करार असतो की! आमचाही आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. पोरगा येतो, फवारा मारतो, काच पुसतो, मोबाइलवरचा ओटीपी विचारतो आणि जातो. 'नळीचं काय?' म्हटलं तर म्हणतो, 'काका, ती करारात नाही.' करार वाचला. खरंच नाही! शेवटून तिसऱ्या ओळीत, मुंगीच्या अक्षरात. पोराचा दोष नाही, त्याला संध्याकाळपर्यंत आणखी आठ घरं आहेत. पण बँकेत आम्ही तिजोरीचा दरवाजा पुसून 'रोकड तपासली' असा शेरा मारला असता, तर आमची रवानगी कुठे झाली असती?

काही विद्वान यावर म्हणतात, चिमणीच काढून टाका, आजीच्या चुलीला कुठे होती? आजीचे डोळेही विचारा मग. आणि आजीकडे बंब होता. त्याचं नळकांडं ठोकून काजळी पाडायची आणि तांबं चिंचेने घासायचं, हे काम आठवड्याच्या कामांत धरलेलंच असे. कष्ट होतेच. पण बंबावर कुणी 'ऑटो' लिहिलं नव्हतं, त्यामुळे काम कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भाचा जर्मनीत असतो. तिकडे लाकूड जाळायच्या शेगड्या घराघरांत. लाकडाचा धूर धुराड्यात थंड झाला की डांबरासारखा थर धरतो आणि तो पेटला की छपराला भिडतो. म्हणून तिथे हा मामला घरमालकाच्या लहरीवर सोडलेला नाही. सरकारने नेमलेला धुराडेवाला सात वर्षांत दोनदा येऊन सगळं तपासतो आणि साफसफाई कधी करायची ते कागदावर लिहून देतो. २०१२ अखेरपर्यंत साफसफाईलाही त्या त्या भागातला ठरलेलाच माणूस लागे. आता माणूस निवडता येतो, काम मात्र टळत नाही. वर तो काळ्या कपड्यांतला माणूस रस्त्यात दिसला तर शुभशकुन मानतात! आमच्याकडे इन्स्पेक्टर दिसला की शाखेतले निम्मे लोक चहाला जातात.

सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडला. वर्षातून एकदा प्रत्येक घराची नळी उतरवायची, घड्यांची जाऊन सरळ, गुळगुळीत पाइप बसवायचा, आणि तिचं तोंड कुणाच्या बाल्कनीत किंवा अंधाऱ्या डक्टमध्ये काढायचं नाही. सेक्रेटरी म्हणाले, 'आधी रंगाचं बघू.' खजिनदार म्हणाले, 'आमची ऑटो-क्लीन आहे.' मग तळमजल्यावरच्या काकूंनी एकच कामाचा प्रश्न विचारला. 'नळी काढताना स्टूल कोण धरणार?'

मी धरतो. रविवारी सकाळी नऊला, तुमच्यापासूनच सुरुवात करू. जुनी वर्तमानपत्रं खाली अंथरून ठेवा, आणि तेवढा सनमायका काढून ठेवायला सुताराला आदल्या दिवशी सांगा.